दोन दारांची गाडी

नांदेडात देगलूर नाक्याच्या पलीकडं नासिर उस्तादांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. त्या भागातल्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं ते उस्तादांच्या शेजारी बसून. उस्ताद कायम डाव्या सीटवर. तिथं त्यांच्या पायाशी जादा ब्रेक, जादा क्लच. समोर म्हैस आली आणि शिकणारा गडबडला, तर त्यांचा पाय आधीच ब्रेकवर गेलेला असायचा. सगळी जिंदगी गाडीत गेली, पण उजव्या सीटवर बसून मनासारखी गाडी पळवली, असं काही झालं नाही. म्हणून असेल, त्यांना एक हौस होती. दोन दारांची, जमिनीला चिकटून पळणारी स्पोर्ट्‌स कार घ्यायची. बायको खातूनबी हसायची. म्हणायची, "घ्या की. मी बसंन त्यात, पण मला उठवायला क्रेन बोलवा."

किडनीच्या आजारानं खातूनबी हिवाळ्यात गेली. मय्यतीला सारा मोहल्ला आला. लोक उस्तादांच्या गळ्यात पडून रडले. उस्तादांनी सगळ्यांना पाणी विचारलं, मागाहून चटया गोळा करून ठेवल्या, आणि थोड्याच दिवसांत स्कूल उघडलं. त्यांना रडू आलं नाही. आलं नाही म्हणून वाईटही वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर आपलाच गाल परक्याचा वाटतो, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं.

मग एके सकाळी एका मुलीनं शिकताना गाडी सरळ दुभाजकावर घातली. उस्तादांना दुभाजक दिसत होता. पाय हललाच नाही. कुणाला लागलं नाही, बंपर तेवढा गेला. त्यांनी मुलीला घरी सोडलं, तिच्या बापाची माफी मागितली आणि स्कूल बंद केलं. जागा एका दवाखान्यानं विकत घेतली.

त्यानंतर ते नुसते बसून राहायचे. लेक जेबा शाळेत शिकवायची. ती घरी येईपर्यंत पंखा, दिवा, सगळं बंद, आणि अब्बा खुर्चीत.

"अब्बा, ती गाडी घ्या ना," एक दिवस ती म्हणाली. "दोन दारांची."

"हाव. घेऊ."

"नवी का जुनी?"

"बघू."

जेबानंच मग मागं लागून त्यांना हैदराबादला नेलं. शोरूममध्ये गाडी चकचकीत उभी होती. टाय लावलेल्या पोरानं दार उघडून दिलं. उस्ताद आत उतरले, हो, उतरलेच, विहिरीत उतरावं तसे. नव्या कातड्याचा वास आला. ट्रायलला बाहेर पडल्यावर तो पोरगा सारखा म्हणत होता, "दाबा सर, ताकद बघा." उस्तादांनी गाडी बैलगाडीच्या चालीनं नेली, प्रत्येक वळणाला इंडिकेटर देत. गियर आपोआप पडत होते. डाव्या पायाला काही कामच नव्हतं.

"रंग कोणता घेणार सर?"

उस्तादांनी खूप विचार केला. मग जेबाकडं बघितलं. "तूच सांग."

परतताना जेबा खिडकीबाहेर तोंड करून बसली होती. ती रडतेय हे त्यांना कळलं.

मोहसीन हा त्यांचा जुना चेला, आता जुन्या गाड्यांची दलाली करायचा. त्याला हे कळलं तसा तो घरी आला. "उस्ताद, नवी घेऊन काय करता? घरी आणेपर्यंतच जुनी होतीय ती. लातुरात एक हाय. हातानं गियर टाकायची, एकाच मालकाची, पोरीसारखी सांभाळलेली. मालक वारला. बाई विकून राहिल्या."

"जुन्या गाडीत दुसऱ्याची खोड असती," उस्ताद म्हणाले.

"मग बघून तर या. खोड तुम्हाला न्हाई कळणार तर कुणाला?"

उस्ताद एकटेच निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर, रस्ता सगळा पाठ. स्कूलची एक छोटी गाडी अजून विकायची राहिली होती, तीच घेतली.

गाडीचा मालक शिवशंकर, त्याची लातुरात डाळमिल होती. एका दुपारी मिलच्या ऑफिसात बसल्या बसल्याच तो वारला होता. त्याची बायको सुकन्याताई फाटकातच भेटल्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, आवाज एकसुरी, पाठ केलेलं म्हणावं तसा. मिलच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गाडी होती. निळी. उस्तादांनी बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं. बॅटरी बसलेली होती, ती आपल्या गाडीवरून चालू करून घेतली. इंजिन नीट बोलत होतं. पोटाला एक ओरखडा नव्हता.

"ताई, लातुरात एवढे स्पीडब्रेकर. पोट कसं घासलं न्हाई?"

"मी उतरायची ना," सुकन्याताई म्हणाल्या. "ब्रेकर आला की हे म्हणायचे, 'उतर, वजन कमी कर.' मी उतरून पलीकडं चालत जायची, हे अलगद गाडी काढायचे, मग मी परत बसायची. रविवारी इथं जवळच्या मुरुडला जायचो. मुरुडची निम्मी वाट मी पायीच गेलेय, नासिरभाई."

हे सांगताना त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. उस्तादांनी त्यांच्याकडं नीट बघितलं.

"लोक म्हणतात आठवण म्हणून ठेवा," त्या म्हणाल्या. "दीर म्हणतात विकून टाका. मला दोन्ही चालतं. काहीच वाटत नाही बघा. पाप आहे का हे?"

"माहीत न्हाई ताई. मलाबी न्हाई वाटत."

एवढंच झालं. उस्तादांनी बॉनेट लावलं. रविवार होता, मिल बंद होती. डाळ वाळवायचं मोठं सिमेंटचं अंगण मोकळं पडलेलं.

"अवघड असतं का हो चालवायला?" सुकन्याताईंनी विचारलं. "ह्यांनी कधी हात लावू दिला नाही."

उस्तादांनी चावी त्यांच्या हातात दिली आणि सवयीनं डावीकडं जाऊन बसले. क्लच दाबा, पहिला टाका, आता हळू सोडा. गाडी एकदा बंद पडली, परत बंद पडली. मग एकदम उसळली आणि समोरच्या गोदामाच्या भिंतीकडं सुटली. उस्तादांचा पाय खाडकन खाली गेला. खाली काहीच नव्हतं. नुसता गालिचा.

"ब्रेक! ताई, ब्रेक!"

भिंत हातभर राहिली असताना गाडी थांबली. उस्तादांचा पाय अजून गालिच्यावर दाबलेलाच होता. ते घाबरले होते, चांगलेच घाबरले होते. घाबरलो आहोत हे कळायलाही त्यांना जरा वेळ लागला. शेजारी सुकन्याताई स्टिअरिंगला डोकं टेकवून हुंदके देत होत्या. उस्तादांनी त्यांना गप्प केलं नाही. काच तेवढी खाली केली.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "ही आत्ताच विकू नका. अन् हिच्यावर शिकूबी नका. माझी छोटी गाडी घेऊन येतो मी."

घरी जेबा वाट बघत होती. "नवी?"

"नको."

"मग जुनी?"

"ती न्हाई घ्यायची. तिचं गिऱ्हाईक दुसरं हाय."

पावसाळाभर उस्ताद दर गुरुवारी लातूरला जात राहिले. सुकन्याताईंनी लायसन्स काढलं, आणि दिवाळीनंतर मिलला त्या निळ्या गाडीतूनच जायला लागल्या. त्यांच्या जावेलाही शिकायचं होतं, म्हणून गुरुवार चालूच राहिला. उस्तादांनी स्वतः गाडी घेतली नाही. घरी ते अजूनही बराच वेळ खुर्चीत बसून असतात. खातूनबीचं नाव निघालं की उठून दुसरीकडं जातात. त्यांना रडताना अजून कुणी पाहिलेलं नाही.

"अब्बा, तिकडं जाऊन बरं वाटतं का?" जेबानं एकदा विचारलं.

उस्ताद टायरमधली हवा बघत होते. "सांगता न्हाई येत," ते म्हणाले. "पण ताईंच्या जाऊबाई वळणावर लई जोरात येतात. लक्ष ठेवावं लागतंय."