रोवणीपुरता रहिवासी

आमच्या घरी रोज संध्याकाळी वंदना होते. बाबा मोठ्याने पंचशील म्हणायचे, आणि खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला त्यांचा आवाज जरा चढायचा. हे आधीच सांगते, कारण माझ्या काकांचा पाय गेला त्याची सुरुवात एका खऱ्या उत्तरापासून झाली.

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या पलीकडे आमचं गाव. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, बिनलग्नाचे, आमच्याच रेशनकार्डावर. रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, गावात; धान कापून झाला की शेजारच्या राज्यात, रायपूरला बांधकामावर. इकडच्या कितीतरी घरांचं असंच चालतं. आमच्यात माणूस कुठला, हे त्याची रोवणी कुठं होते यावरून ठरतं. सरकारला हे कोणी सांगितलेलं नाही. सरकार उन्हाळ्यात येतं.

तसा एका उन्हाळ्यात रेशनकार्डं तपासायला बाबू आला. घरात कोण कोण, त्याने विचारलं. बाबांनी काकांचं नाव घेतलं आणि लगेच म्हणाले, "पण तो सध्या इथं नाही. रायपूरले हाये."

"मग नाव कापू?"

आई दारातून डोळे मोठे करून पाहत होती. बाबा म्हणाले, "कापा ना. तो तिकडं खाते, त्याचा तांदूळ आपण कायले उचलाचा?"

बाबू गेल्यावर आई कडाडली, "साऱ्या गावानं बाहेरची माणसं घरात लिवली. तुमीच एक भंतेजी!"

बाबा हसले. तांदूळ कमी झाला, एवढंच. आम्हां सगळ्यांनाच वाटलं, एवढंच.

पुढे सरकारने मोफत ऑपरेशनची योजना आणली. पिवळं रेशनकार्ड दाखवा, उपचार घ्या. मी तेव्हा एका संघटनेचं काम करत होते. पत्रकं लिहायची, गोंदियात छापायची, बसस्टँडवर ओरडून वाटायची. 'उपचार ही भीक नाही, हक्क आहे!' हे वाक्य माझं. छातीठोक.

आणि काका रायपूरला परांचीवरून पडले. नडगीचं हाड कातडी फोडून बाहेर आलं. ठेकेदाराने त्यांना एका खाजगी दवाखान्याच्या दारात सोडलं आणि फोन बंद केला. बाबा आणि मी पोचलो तर काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "महाराष्ट्र के हो ना? यहाँ का कार्ड लाओ, नहीं तो पैसा जमा करो."

"ये यहीं काम करते हैं, भैया! कितने साल से!" मी म्हणाले.

"तो? काम करने से यहाँ के थोड़ी हो जाते हैं."

ज्या शहराच्या भिंती माझ्या काकांनी चढवल्या, त्या शहरात त्यांच्या पायाला पट्टीपलीकडे काही मिळेना.

पॅसेंजरने परत आणलं. काका बाकावर आडवे, आणि मी माझ्याच पत्रकांच्या गठ्ठ्याने जखमेवरच्या माश्या हाकत होते. सालेकसा स्टेशन आलं तसे ते म्हणाले, "आलं आपलं राज्य. आता फुकट ना वो पोरी?"

"हो काका."

"तुया कागदात लिवलं हाये म्हणजे होईनच."

गोंदियाच्या दवाखान्यातून नागपूरला पाठवलं. तिथल्या सरकारी दवाखान्यात योजनेच्या खिडकीवरच्या मुलीने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "यांचं नाव कुठंय?"

बाबांनी खरं तेच सांगितलं. कापलं, ते रायपूरला होते.

"मग रायपूरला न्या."

"तिथून तर इथं हाकललं!" मी एवढ्या जोरात ओरडले की रांग मागे वळली. ती मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, माझ्या हातात काही नाही. नाव नसेल तर हाडात घालायचा रॉड तुम्हालाच बाहेरून आणावा लागेल. नाहीतर तहसीलमधून नाव चढवून आणा."

तहसीलमध्ये म्हणाले, हा गावात राहतो का ते बघायला आमचा माणूस येईल. अरे, गावात कसा दिसेल? तो नागपूरच्या वॉर्डात पडला आहे! इकडे बाबांनी रॉडसाठी बैलजोडी विकायला काढली. बैलबाजार आठवड्यातून एकदाच. बाजाराच्या आदल्याच दिवशी डॉक्टरांनी काकांच्या पायावरची चादर बाजूला केली. बोटं काळी पडली होती.

गुडघ्याखाली कापला. त्याला कार्ड कोणी मागितलं नाही. फक्त एक सही मागितली, ती बाबांनी केली. मी बाहेर भिंतीला टेकून उभी होते. पाय जोडायचा तर तुम्ही कुठले ते सिद्ध करा, कापायला कुठलाही माणूस चालतो. हे मी पत्रकासाठी रचलेलं नाही. समोर घडलं, आणि अजूनही मला ते खरं वाटत नाही.

तहसीलचा माणूस आला तो रोवणीच्या दिवसांत. काका ओट्यावर बसून धानाच्या रोपांच्या पेंढ्या बांधत होते. त्याने बाबांना विचारलं, "हे इथंच राहतात ना? बाहेरगावी जात नाहीत?"

बाबांनी काकांकडे पाहिलं. काकांनीच लुंगी वर सारली.

"पाहा ना बाबू. आता कुठी जाऊन राहिलो मी?"

त्याने खाली मान घालून नाव लिहिलं. निघताना म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून यांचा तांदूळ सुरू होईल."

बाबा आत गेले. त्या संध्याकाळी वंदना आईने म्हटली.