सुखात न आलेली वसुधा

मैदानावर मुलींची शर्यत चालली होती. दुसरी आलेली मुलगी धापा टाकतच पहिलीकडे गेली आणि तिला उचलून गरागरा फिरवू लागली. मला एकदम माझी मैत्रीण वसुधा आठवली.

माझे यजमान गेले तेव्हा वसुधा रोज संध्याकाळी यायची, माझा हात धरून बसायची. पुढे मी रोपवाटिका सुरू केली. माझ्या गुलाबांना प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा सगळ्यांच्या आधी तिला बोलावलं. ती आली नाही. बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "आता तुला माझी काय गरज?"

"गरज कसली गं? तू हवी होतीस."

ती पिशवी सावरत निघून गेली.

रडताना जवळ घेणारं माणूस हसतानाही आपलंच असेल, असं आपण किती सहज धरून चालतो!

गेल्या महिन्यात मी घसरून पडले. दुसऱ्याच दिवशी वसुधा दारात. "काय गं हे! मला कळवायचं नाही?" आवाजात तीच जुनी माया.

पाय भयंकर ठणकत होता. तरी मी हसून म्हटलं, "काही नाही गं, मजेत आहे मी."

ती फार वेळ थांबली नाही.