पाट्यावरची चिमणी

भाकरी पोटात गेली की माझं काय खरं न्हाई. लिंबाखाली बाज, बाजंवर मी, डोळं मिटाय लागल्यात. बुंध्याला नवी फळी टेकवून ठेवलीया. सांजच्याला ती माझ्याच लिंबाला ठोकायची हाय: 'फेरीवाले, मागणारे यांस गावबंदी.' पोरं चोरणारी टोळी फिरतीया म्हून मोबाईलवर आलंय. सरपंचाला मी अजून हो म्हनलेलं न्हाई. न्हाईबी म्हनलेलं न्हाई.

टक् टक् टक्.

चुलीपुढं हणमव्वा बसलीया. गावोगाव फिरून पाट्याला, जात्याला टाकी लावणारी. गुळगुळीत झालेला दगड ठोकून खरबरीत करायची, आन् कोपऱ्यात एक चिमणी कोरायची. माझ्या बायकोला अक्का म्हनायची, म्हून मी तिचा दाजी. हणमव्वा वारून दोन उन्हाळं झालं.

"हणमव्वा, तू मेलीस न्हवं?"

"मेले म्हून काय झालं, दाजी? पोट भरलं व्हय? पाटा कुठाय?"

"न्हाणीत. मिक्सर आनलाय. पाट्यावर तुजी अक्का धुणं आपटती."

"माझ्या चिमणीवर साबन! लाज वाटती का तुमास्नी?"

चूल न्हाईच आता, पंचायतीचं हापीस हाय. टेबलाच्या जागी पाटा, आन् ती त्यावर मिरच्या रगडतीया.

"त्या फळीवर काय लिवलंय?"

"तुमी फिरस्त्यांनी गावात यायचं न्हाई."

"बरं. मंग आधी माझ्या चिमण्या भायेर काढा. सरपंचाच्या घरात दोन हाईत."

"पोरं चोरत्यात म्हनं."

ती खदाखदा हसती. "ह्या गावची रडकी पोरं माझ्या टाकीच्या आवाजानं झोपायची. चोरायचीच आसती तर तुमचा थोरला नेला आसता. पर त्यो खातो किती!"

हापिसात सगळी गल्ली शिरलीया. भुईला पाटेच पाटे, पायागनिक चिमणी. हणमव्वा ठेचा उचलून भायेर टाकाय निघती.

"टाकी लावल्यावर पयलं वाटण खायाचं नसतं, दाजी. दगडाची कच आसती त्यात."

"आन इकडं. माझ्या घरातलं मी खाईन," म्हनून मी बोट भरून चाटतो.

"काका, ठोकू का?"

डोळं उघडतो. सरपंचाचा पुतण्या, हातात हातोडा. बोलाय जातो तर दाताखाली करकरतं. तळहातावर थुकतो, बघतो, मूठ मिटतो.

"फळी उचल. माझ्या लिंबाला खिळा लागायचा न्हाई."

"आवो, पर समद्या गावानं ठरवलंय!"

"मी गावातला न्हाई व्हय? उचल म्हनतो ना!"

"चुलत्यानं कारन इचारलं तर काय सांगू?"

मी त्याच्या नाकापुढं मूठ उघडतो. काळ्या दगडाची कच, अजून वली.