बटणावरची दोन बोटं

"आत फाटलं की बाहेर शिवता येत नाय, गो बाय."

सभा सुरू व्हायच्या आधी आमचे लाउडस्पीकरवाले मिस्तरी हे म्हणणार म्हणजे म्हणणार. मग ताप आलेल्या कपाळावर ठेवावीत तशी दोन बोटं माइकच्या बटणावर ठेवायची आणि एक लांब सुस्कारा टाकायचा.

लाउडस्पीकरच्या पेटीवर प्रत्येक माइकचं एक लहान फिरतं बटण असे आणि कर्ण्यांचं एक मोठं. आवाज कमी-जास्त करायचा तर तुम्ही-आम्ही मोठ्या बटणाकडेच धावणार. मिस्तरींचा जीव लहान बटणात. माणसाचा आवाज तिथून आत शिरतो. तिथेच जास्त घेतला तर फाटतो. पुढे मोठं बटण कितीही उतरवा, तोच फाटका आवाज हळू ऐकू येतो, एवढंच.

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वर्षांत लालबाग-परळला सभांना खंड नव्हता. आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी. आजही हे सांगताना मान ताठ होते, त्याला इलाज नाही. ठराव वाचायचं काम माझ्याकडे आलं ते त्यामुळेच. पहिल्या सभेत मी अशी कडाडले की मिस्तरींनी माझं बटण पार बंद केलं.

"घरी पण असंच बोलतेस काय?"

"असंच. वडील गिरणीत साचेखात्यात आहेत. मागांच्या खडखडाटात कान गेले त्यांचे. ओरडल्याशिवाय चहा झालेलासुद्धा कळत नाही."

"मी तुझा बापूस नाय. तू हळू बोल. लोकांपर्यंत न्यायचं माझ्यावर सोड."

मिस्तरी माझगावचे, मूळ मुंबईकर कॅथलिक. गळ्यात काळ्या दोऱ्यातला क्रूस. दिवसभर गोदीत बोटींचे पत्रे ठोकायचे आणि संध्याकाळी हातगाडीवर पेटी घालून मैदानात हजर. आल्या आल्या विचारायचे, "आज परत ठराव? मागच्या सभेतला उडाला काय?"

आम्ही हसायचो, पण दमलो सगळेच होतो. तीच भाषणं, तेच हार, मग दिल्लीहून काही येतंय का याची वाट बघणं. शाहिरांचा डफसुद्धा ओल धरल्यासारखा वाजायचा.

हळूहळू माझ्या एक लक्षात आलं. मिस्तरी वक्त्याच्या तोंडावरची नजर काढत नसत. मान तटतटली की बटण उतरवायचे, ओठ जेमतेम हलले की चढवायचे. असं बघणारा एक माणूस माझ्या घरात होता. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

एका संध्याकाळी शाहीर डफ घेऊन माइकला अगदी चिकटले. कर्ण्यांतून असा आवाज फाटला की बायकांनी कानांवर हात ठेवले. डफाला मान नसते. मिस्तरी खुशीत डोलत होते.

"पुढच्या वेळी दुसरा माणूस बघा," आमचे चिटणीस व्यासपीठावर कुणाच्या तरी कानात म्हणाले. मिस्तरी लांब होते. पण त्यांनी ते ओठ वाचले.

वायर गुंडाळता गुंडाळता ते मला म्हणाले, "माझ्या गावासाठी भांडताय तुम्ही. मी घरी बसू? मुंबई मिळू दे. त्या दिवशी मीच बटण सोडतो. तोवर नाय."

पुढच्या सभेला मी माझी खुर्ची त्यांच्या टेबलाशी ओढली आणि तळवा टेबलावर पालथा ठेवला. आवाज चढायला लागला की मी मूठ वळायची. त्यांनी एकदा माझ्या मुठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"हात सांभाळ. पेटी तापलीय," एवढंच म्हणाले. आणि बटण उतरवलं.

"मिस्तरी सुधारले हो!" चिटणीस खूश. दुसऱ्या माणसाचा विषय तिथेच मिटला.

"मी ठराव वाचायला गेले की मूठ कोण दाखवणार?" मी एकदा विचारलं.

"तुझ्या वेळी बघावं लागत नाय. तू आता फाटत नाय."

कॉलेजच्या पदवीदान समारंभात टाळ्या मिळाल्या होत्या. त्या आता आठवत नाहीत.

राज्य झालं, मुंबईसकट. आनंदाची सभा त्याच मैदानात भरली. टेबलाशी दुसराच कोणी बसलेला. मी चिटणीसांकडे रागाने पाहिलं.

"मी नाही हो काढलं," ते घाईघाईने म्हणाले. "सकाळी स्वतः येऊन याला सगळं समजावून गेले."

मिस्तरी पहिल्या रांगेत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. चर्चला जातानाचा पांढरा कोट, ताजी दाढी. कर्णा थेट डोक्यावर होता, पण नजर नेहमीसारखी वर, बोलणाऱ्याच्या तोंडावर.

माझी पाळी आली. त्या दिवशी ठराव नव्हता, नुसते आभार मानायचे होते. दोन वाक्यांत माझा ताबा सुटला, मी पहिल्या दिवसासारखी कडाडायला लागले. तेवढ्यात खाली मिस्तरींचा हात छातीपर्यंत उचलला गेला. दोन बोटं हवेतच डावीकडे वळली. जराशी.

मी आवाज उतरवला. त्यांनी मान हलवली.

सभा संपून मी खाली उतरले तेव्हा तिथे चुरगळलेलं वर्तमानपत्र तेवढं होतं. पुढे कुठल्याच सभेला ते दिसले नाहीत.

त्यानंतर पुष्कळ बोलले, पुष्कळ ऐकलं. आता दोन्हींचा कंटाळा येतो. तरी माइकसमोर उभी राहिले की आधी पहिल्या रांगेत कुणाची बोटं उचललेली आहेत का, ते बघते. नसतात. मग मीच हळू बोलते.