परग्रहावरून परतलेली माणसं

ती जुनी परदेशी विज्ञानमालिका खरं तर चार भागांत आटोपायला हवी होती. बनवणाऱ्यांनी ती बारा भाग ताणली. भावाने पेनड्राइव्हवर आणली तेव्हा पहिल्या दोन भागांतच मी ओळखलं की या लोकांकडे गोष्ट थोडी आणि वेळ भरपूर होता. शास्त्रज्ञाला पकडतात, तो सुटतो, एका बोळातून पळतो, पुन्हा पकडतात, पुन्हा तोच बोळ. राक्षसाच्या रबरी पाठीवरची चेन स्पष्ट दिसते. आणि एक मंत्री दर भागाच्या सुरुवातीला मागचं सगळं नव्याने सांगतो, जणू बघणारे सगळे बिनडोक.

पण आईला ती मालिका हवी होती. सुकट निवडता निवडता तिने पहिला भाग पाहिला, त्यात समुद्रकाठच्या एका गावातली माणसं अंतराळात जातात, बेपत्ता होतात, गाव त्यांना मेलेलं समजतं आणि एका संध्याकाळी ती परत येतात. त्यानंतर सुकट तशीच राहिली.

बाबांची होडी गेल्या हंगामात उलटली. होडी सापडली, खलाशी सापडले, बाबा नाही सापडले. देह मिळाला नाही की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि मग दिवस घालायचे. काका भटजींना विचारूनही आले होते. आई हातातला हिरवा चुडा चाचपत म्हणाली, "ह्या टीव्हीवरचं संपू दे. मंग करा." काकांना वाटलं, बाईचा हट्ट, चार दिवसांत उतरेल. मालिका केवढी लांब आहे ते त्यांना कुठे ठाऊक!

मी म्हसळ्याला नोकरी करते, घरी येते ती शनिवार-रविवारी. आईला इंग्रजी कळत नाही, म्हणून शेजारी बसून मी सांगायचे. एका बैठकीला एकच भाग. दुसरा लावायला गेले की तिचं डोकं दुखायला लागायचं. बोळातली पळापळ पुढे ढकलायला मी रिमोट उचलला की ती माझं मनगट धरायची.

"घाई कसली हाय तुला? पलू दे त्याला."

माझा संताप व्हायचा. काका बाहेर तारखेसाठी ताटकळलेले आणि ही त्या चेनवाल्या राक्षसाकडे डोळे लावून बसलेली.

गुण म्हणावा तर त्या मालिकेत एकच, पण तो बाकी सगळ्याला पुरून उरतो. परतलेली माणसं काहीच करत नाहीत. मारत नाहीत, ओरडत नाहीत. आपापल्या अंगणाच्या कडेला येऊन घराकडे तोंड करून उभी राहतात. चेहरा तोच, लंगडणं तेच, फक्त पापणी लवत नाही. त्या वेळी संगीतही नाही, नुसता वारा. तो वारा ऐकताना आमच्या अंगणात बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांकडे माझं लक्ष जायचं आणि अंगावर काटा यायचा. मग मी भाग लावण्याआधीच दाराला कडी घालू लागले. पाणी प्यायला उठले की परत येईपर्यंत कडी काढलेली असायची. आई जागची हललेली दिसायची नाही.

शेवटचा भाग लावला तेव्हा तिन्हीसांज झाली होती. देव्हाऱ्यात दिवा होता. पडद्यावर बायको घरात एकटी बसलेली, बाहेर तिचा नवरा उभा. बराच वेळ नुसतं दार दिसत राहतं. मग तो तिला नावाने हाक मारतो. एकदाच.

आमच्याकडे तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. माणूस असला तर पुन्हा हाक मारेल. दुसरं काही असलं तर ते एकदाच बोलावतं आणि ओ देणाऱ्याला सोबत घेऊन जातं. हे इथे लहान पोरालाही शिकवावं लागत नाही.

मी ती हाक मराठीत सांगितली नाही. सांगायची गरजच नव्हती.

"ओ," आई म्हणाली. मोठ्याने आणि स्वच्छ, पडद्याकडे नाही, आमच्या दाराकडे बघून. "आले."

कडी निघालेली होती. आता दार हलेल असं मला खरोखर वाटलं, आणि लाज बाजूला ठेवून सांगते, ते हलू नये म्हणून मी देवाचा धावा केला. स्वतःच्याच बापाला बाहेर ठेवण्यासाठी.

पडद्यावरच्या बाईने दार उघडलंच नाही. नावं वर सरकली, पडदा निळा झाला. आई तरीही तशीच बसून राहिली, पदर सावरून, निघायच्या तयारीत. बाहेर काठ्यांवरचे बोंबील हलत होते, बाकी काही नाही.

खूप वेळाने ती माझ्याकडे वळली.

"काकाला सांग, करा म्हणावं," ती म्हणाली. "मी ओ दिली गो. तरी न्हेलं न्हाय त्यानं मला."