अभयरावांनी आणलेला शब्द

सुनयनाताईंसमोर अवघड शब्द काढू नये, असे सीवूड्सच्या त्या सोसायटीत म्हणत. "बाई चहा पाजतात खऱ्या, पण शब्दाचं सगळं कूळ सांगितल्याशिवाय उठू देत नाहीत." बँकेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना त्या घरी इंग्रजी शिकवत. त्यांचा शिरस्ता असा, की शब्द आणणाऱ्याने तो ज्या वाक्यात ऐकला, ते वाक्यही आणायचे.

त्यांच्या काखेतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. निकाल डॉक्टरांनी त्यांच्या नवऱ्याला, अभयरावांना, एकट्याला सांगितला. त्यातला एक शब्द त्यांना उमगला नाही, आणि तुर्भ्याच्या कांदा मार्केटात दिवसभर भाव पुकारणारा हा माणूस तिथून नुसती मान डोलावून उठला. कोरेगावाहून थोरल्या भावाने फोनवर बजावले, "सुनयनाला कळता कामा नये. हाय खाईल ती." साधी गाठ आहे, असे अभयरावांनी घरी सांगून टाकले.

शब्द मात्र डोक्यातून जाईना. लग्न झाल्यापासून अडलेला शब्द बायकोलाच विचारायची सवय. संध्याकाळी तीच भोवली.

"अगं, प्रोग्नोसिस म्हणजे काय? मार्केटात एक जण म्हणाला."

"कांद्याला प्रोग्नोसिस कधीपासून व्हायला लागला?" त्या हसल्या. "ग्रीक आहे. प्रो म्हणजे आधी, ग्नोसिस म्हणजे जाणणं. आपल्या 'ज्ञाना'चा सख्खा भाऊ. डायग्नोसिस म्हणजे काय झालंय ते ओळखणं. हा त्याच्या पुढचा. दुखणं कुठवर जाणार, माणूस त्यातून उठणार की नाही, हे आधी जाणणं. आजार ठरल्यावरच वापरतात. ठणठणीत माणसाला प्रोग्नोसिस नसतो."

अभयरावांनी उगाच पंख्याचे बटण वर-खाली केले.

"बरं, वाक्य?"

"वाक्य कसलं? नुसता शब्दच."

"नुसता शब्द कुणी बोलत नाही. चांगला म्हणाला, की वाईट? दोन्हीतलं एक लागतंच."

"जाऊ दे ना गं."

त्या हसायच्या थांबल्या. हात आपसूक काखेतल्या पट्टीकडे गेला.

"वाईट म्हणाले?"

अभयरावांना 'नाही' म्हणायचे होते. भावाला तसा शब्द दिला होता. पण तोंडून निघाले ते वेगळेच. "तुला धीर धरवणार नाही, म्हणून दादा म्हणाले..."

"दादांच्या काखेत आहे का गाठ? फोन लावा डॉक्टरांना. स्पीकरवर ठेवा, आणि मध्ये बोलू नका."