दोन आखूड हाका

दोन वर्षं मी विहारात नुसते ओठ हलवत बसत होते. वंदना सुरू झाली की हात जोडायचे, पण आवाज फुटायचा नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्या सिंदेवाहीच्या विहारात मोठ्या आवाजाच्या बायांची कमी नाही. आमचे हे गेले तेव्हापासून असं झालं. मोहफुलं वेचायला आम्ही दोघं पहाटे जंगलात जायचो. झाडं लांबलांब, त्यात वाघाची धास्ती, म्हणून एकमेकांना हाका देत राहायचं ही आमच्याकडची रीत. मी एक लांब 'कूऽऽऽ' द्यायचे, हे दोन आखूड 'कू, कू' देऊन उत्तर द्यायचे. त्या पहाटे उत्तर आलं नाही. वाघबिघ काही नव्हता. हे झाडाला टेकून बसले होते, टोपली अर्धी भरलेली, आणि हृदय थांबलेलं. तेव्हा मी किती हाका दिल्या ते आठवत नाही. त्यानंतर मात्र एकही दिली नाही. शरण जायचं ते कुणाला, ऐकतो कोण, असं मनात घट्ट बसलं होतं.

माझी लेक जपानात एका वृद्धाश्रमात नर्स आहे. आई घरात बसून वाळत चालली, असं तिला वाटलं. तिनं तिकीट काढून मला बोलावून घेतलं आणि तिथल्या एका पवित्र डोंगरावर रात्रभर चढून जायच्या यात्रेत माझं नाव घातलं. त्या डोंगराचं नाव अजूनही माझ्या जिभेवर बसत नाही. पांढरा सदरा, हातात घंटी बांधलेली काठी, कपाळावर दिवा. आरशात पाहून मी म्हटलं, "यात्रेले चालली का कोळशाच्या खाणीत, काई समजत नाई." लेक पोट धरून हसली. पुष्कळ दिवसांनी तिला तशी हसताना पाहिलं, म्हणून मीही मुकाट्यानं चढायला तयार झाले.

आम्ही सात जण, आणि पुढे चाळिशीचा एक शांत वाटाड्या. तो सांगायचा ते लेक मला मराठीत सांगायची. त्याचा नियम एकच, रांग सोडायची नाही. पण आमच्याकडे जंगलात जाणती बाई सर्वांत मागे चालते, कुणी मागे राहून जाऊ नये म्हणून. त्या सवयीनं मी आपणहून शेवटी गेले.

"आई, मंधात चाल ना. मागं काऊन राह्यते?" लेक दोनदा म्हणाली.

"तू समोर पाह्य. मले जंगल शिकवू नको."

सर्वांत मागच्या बाईच्या मागे कुणीच नसतं, हे या शहाणीच्या ध्यानात आलं नाही. एका वळणावर गुडघ्यात कळ आली. दगडावर टेकले, गुडघ्याचा पट्टा आवळला, मान वर केली तर पुढचे दिवे नव्हते. धुकं इतकं दाट की माझ्या काठीचं टोक मला दिसेना. चार पावलं टाकली तर पायाखालचा दगड निसटला आणि तो खाली कुठेतरी पडल्याचा आवाज फार उशिरा आला. मग मी जागीच बसले.

हाक द्यायची, एवढंच काम होतं. पण तोंड उघडलं की ती पहाट समोर यायची. हाक दिली आणि उत्तर आलं नाही तर? पुन्हा ती शांतता ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. बोटं गारठून गेली, दात वाजू लागले. मग एकदम लेकीचा विचार आला. तिनं माणसं मोजली असतील, ती मला शोधत असेल, आणि मी गप्प बसले आहे. त्या पहाटे मी जिथे उभी होते, तिथेच आज मी माझ्या लेकीला उभं केलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली. कुणी असो नसो, आता तुमच्यावर सोपवते, असं म्हणून मी डोळे मिटले आणि जीव एकवटून लांब हाक दिली.

"कू, कू."

दोन. आखूड. त्याही खालच्या बाजूनं, जिकडे आमच्यातलं कुणी नव्हतं. मी रडू लागले. थोड्या वेळानं घंटी वाजत आली आणि धुक्यातून पांढऱ्या सदऱ्यातली एक वाकलेली म्हातारी उगवली, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी. तिनं माझे हात चोळले, तिच्या भाषेत रागावली आणि पिशवीतून काढून एक खारवलेलं फळ माझ्या तोंडात घातलं. इतकं आंबट, की रडणंच थांबलं. मग आपल्या काठीचं टोक माझ्या हाती दिलं आणि पुढे झाली. वरच्यांना ऐकू जावं म्हणून मी लांब हाक द्यायची, ती दोन आखूड. असं करत बरंच चढल्यावर वरून "आईऽऽ" ऐकू आलं. म्हातारीनं माझा हात लेकीच्या हातात दिला, वाकून नमस्कार केला आणि पुढे निघून गेली. लेकीचं मला रागावून होईपर्यंत तिची घंटीही ऐकू येईनाशी झाली.

वर पोचल्यावर मी तिला खूप शोधलं, पण पांढऱ्या सदऱ्यातल्या म्हाताऱ्या पुष्कळ होत्या. वाटाड्या म्हणाला, इकडची डोंगरातली माणसंही एकमेकांना अशाच हाका देतात. असेल. चमत्कार आमच्या घरात मानत नाहीत, मीही मानत नाही. हाका दोनच का, हे मात्र मी त्याला विचारलं नाही.

"लवकर आवाज काऊन नाई देल्ला?" लेकीनं विचारलं.

"भेव लागला. कोणी उत्तर नाई देल्लं तं?"

"मी होती ना, आई."

सूर्य वर येत होता. मी हात जोडून त्रिशरण म्हणायला लागले, मोठ्यानं. 'संघं सरणं'पाशी अडले, तेव्हा पुढचं लेकीनं पूर्ण केलं. उत्तराची खात्री करून घेऊन मग हाक देता येत नाही, एवढं त्या डोंगरानं मला शिकवलं. त्या म्हातारीचे उपकार मी फेडू शकत नाही. तिचं नावही मला ठाऊक नाही.

यंदाच्या चैत्रात मी शेजारणीबरोबर पुन्हा मोहफुलं वेचायला गेले. ह्यांच्या झाडाखाली थोडा वेळ उभी राहिले आणि एक लांब हाक दिली. पलीकडच्या झाडाखालून शेजारीण लगेच ओरडली, "आहो बाई, आहो! इथीच आहो! टोपली भरली का?"